वाजलं पाहिजे, पेटलं पाहिजे

रविवारी सकाळी माझ्याकडे जी पोरं जमतात, त्यांच्याकडून मी भिंतीवर लावायचं काही करून घेत नाही. तीन ते सात वयाची मुलं, सगळी ठाण्यातल्या आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरांतली, त्यातली दोन माझ्या नणदेचीच. सण जवळ आला की आया व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायला लागतात. कापसाचे ढग, चमकीचे तारे, निळ्या-पांढऱ्या फेल्टच्या मेणबत्त्या. "ताई, असं काहीतरी घ्या ना या वेळी." दिसायला सुंदर असतं, प्रश्नच नाही. पण त्यातलं बरंचसं आईनेच केलेलं असतं आणि मुलाच्या वाट्याला शेवटची टिकली चिकटवण्याचा मान येतो. मग ते फ्रिजवर आठवडाभर मिरवतं आणि एका दुपारी मूल शाळेत गेलेलं बघून कचऱ्यात जातं.

माझी अट एकच. मुलाने केलेली वस्तू त्या सणाला कामाला आली पाहिजे. वाजायची असेल तर वाजली पाहिजे, पेटायची असेल तर पेटली पाहिजे, झाकायची असेल तर मोठ्यांच्या ताटावर झाकली गेली पाहिजे. वाकडी असली तरी चालेल. वाकड्या वस्तूकडे बोट दाखवून पोर भर सिनेगॉगमध्ये ओरडतं, "ते माझं आहे!" आणि पुढच्या वर्षीपर्यंत तो सण त्याच्या डोक्यातून जात नाही.

यात एक सोय आपल्या धर्मानेच करून ठेवलीय. शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याला, आणि सणाच्या मुख्य दिवसांना कातरी नाही, गोंद नाही, रंग नाही. म्हणजे जे करायचं ते आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत. ऐन वेळी "थोडं राहिलंय" हे चालतच नाही. मुलांना वेळेचं भान शिकवायला याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही.

हनुक्कापासून सुरुवात करते, कारण फोन सगळ्यात जास्त त्याचेच येतात. गंमत अशी की नेमका हाच सण आमच्या जुन्या माणसांना ठाऊक नव्हता. यरुशलेमचं मंदिर शुद्ध करून पुन्हा दिवा लावला ती गोष्ट इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमाराची. आमचे पूर्वज त्याआधीच तिकडून निघाले होते, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी त्यांचं गलबत फुटलं आणि वाचले ते कोकणातच राहिले, असं आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. पुढे कोकणात लोक आम्हाला ओळखायचे ते शनिवार तेली म्हणून. घाणा चालवायचा, तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद. म्हणजे तेलाच्या चमत्काराचा सण माहीत नाही, पण अख्खी जमात तेलात बुडालेली! हनुक्का आम्ही पाळायला लागलो तो बराच नंतर, बाहेरच्या यहुद्यांशी संबंध आल्यावर.

म्हणून हनुक्काआधीच्या रविवारी मी मुलांना आधी तेल काढायला लावते. घाणा कुठून आणणार? नारळ पुरतो. खवायचं काम माझं, कारण विळीजवळ कुणालाही फिरकू देत नाही. खवलेल्या खोबऱ्यावर कोमट पाणी घालायचं आणि प्रत्येकाच्या हातात मलमलचं एक-एक फडकं द्यायचं. मूठभर खोबरं फडक्यात, वर पिरगळा, खाली पातेलं. पहिल्या पिळ्याला दूध धारेने येतं तेव्हा आनंदीआनंद असतो. तिसऱ्या पिळ्याला हात दुखायला लागतात आणि मग खरी मजा येते, कारण मुलं दोघं-दोघं मिळून फडक्याची दोन टोकं धरून उलट्या दिशांनी पिरगळतात आणि कोपरापर्यंत पांढरी होतात. हे दूध रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की वर जाड साय धरते. तेवढा वेळ मुलं थांबणार नाहीत, म्हणून शनिवारी रात्री शब्बाथ संपल्यावर मी एक खेप स्वतः पिळून ठेवते. रविवारी ती साय जाड बुडाच्या कढईत घालायची आणि मंद आच. मुलांना ओट्यापासून दोन हात लांब, स्टुलांवर बसवायचं. आधी नुसता फेस येतो. मग कढईतून बुडबुड आवाज येतो, घरभर वास सुटतो, साय फुटते, तळाशी तपकिरी कणी जमते आणि कडेकडेने स्वच्छ तेल दिसायला लागतं. चार नारळांचं मिळून कसंबसं वाटीभर.

"बस, एवढंच?" हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि मी त्याचीच वाट बघत असते. मग मंदिरातल्या कुपीची गोष्ट सांगायची. एका दिवसाचं तेल, नवं शुद्ध तेल तयार व्हायला आठ दिवस हवेत, आणि तेवढंच तेल आठही दिवस जळत राहिलं. हात दुखेपर्यंत पिळलेल्या पोराला एका दिवसाचं तेल म्हणजे किती ते वेगळं समजवावं लागत नाही. तळाची ती कणी गुळाबरोबर खायला देते. ती मिळेपर्यंत कुणी घरी जात नाही.

आता दिवे. आपल्याकडे हनुक्का दिवाळीनंतर महिना-दोन महिन्यांनी येतो, त्यामुळे पणत्यांना तोटा नाही. आमच्या मजल्यावरची मंडळी दिवाळीतल्या उरलेल्या कोऱ्या पणत्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. कोरी पणती थेट तेलाने भरलीत तर ती तेल पिऊन टाकते, म्हणून आधी पाण्याच्या बादलीत बुडवायच्या. बुडवल्याबरोबर मातीतून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येतात आणि सू-सू असा आवाज येतो. कान बादलीशी नेला तर चांगला ऐकू येतो. सगळ्यात लहान मुलांना मी हेच काम देते, "पणती गप्प झाली की सांग." दोन-तीन तासांनी काढून, उन्हात वाळवून, मग रंग. रंग फक्त बाहेरून. आतून आणि वातीच्या चोचीला रंग लावायचा नाही, तो जळतो आणि घाण वास येतो.

हनुक्कियाला नऊ दिवे लागतात, आठ रात्रींचे आठ आणि नववा शमाश, म्हणजे बाकीचे पेटवणारा. आठही एका ओळीत आणि एका उंचीवर हवेत, शमाश वेगळा दिसला पाहिजे. म्हणून एक फळी घ्यायची, आठ पणत्या ओळीने ठेवायच्या आणि शमाश उपड्या वाटीवर. पणत्या उजवीकडून एक-एक वाढवत जायच्या आणि पेटवताना मात्र त्या दिवशीच्या नव्या पणतीपासून, म्हणजे डावीकडून सुरू करायचं. मोठी माणसंही यात दरवर्षी अडखळतात. मी फळीच्या डाव्या टोकाला मुलांकडून एक हात काढून घेते, बोट उजवीकडे दाखवणारा. मग घरी बाबाने चुकीच्या बाजूने सुरुवात केली की पोर त्याला अडवतं.

वाती मुलांनी वळायच्या. आठ रात्रींच्या शमाशसकट सगळ्या मिळून ४४. पाच वर्षांच्या मुलाला ही बेरीज सांगून कळत नाही, पण आठ वाट्या मांडून पहिलीत दोन, दुसरीत तीन, असं आठवीत नऊपर्यंत वाती टाकत गेलं की बरोब्बर कळतं. कापूस चिमटीत ओढायचा, गुडघ्यावर तळहाताने वळायचा, बोट किंचित ओलं करून. मला हे माझ्या सासूबाईंनी शिकवलं. पहिल्या दहा वाती सुरवंटासारख्या जाड होतात. त्यांनाही ज्योत धरतेच, जरा धूर करतात इतकंच.

डिसेंबरात ठाण्यातसुद्धा सकाळी खोबरेल थिजतं. मुलं बोटाने ते लोण्यासारखं उचलून पणतीत भरतात, सांडत नाही, त्यामुळे ही भरायची वेळ सकाळचीच ठेवा. तेल इतकं असावं की दिवा रात्र पडल्यावर निदान अर्धा तास तेवेल. पेटवताना मोठं माणूस बाजूला हवंच, मुलींचे केस बांधलेले, नायलॉनचे फ्रॉक नकोत. ऑलिव्ह तेल वापरावं असं मानणारे आहेत, वापरा. आमच्या घरी एक पणती ऑलिव्हची, बाकी मुलांच्या खोबरेलाच्या.

ड्रेडेल, म्हणजे हनुक्काचा चार बाजूंचा भोवरा, त्याची माझी ओढ कमी. चौकोनी पुठ्ठा, मधून काडी, चार बाजूंना चार हिब्रू अक्षरं, नून, गीमेल, हे, शीन. नून पडलं तर काही नाही, गीमेल तर सगळं आपलं, हे तर अर्धं, शीन तर एक टाकायचा. शेंगदाण्यांवर खेळा. मुलं खेळतात कमी, डाव जास्त खातात.

नव्या वर्षाचे सण आमच्या तिश्री महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात. परदेशी फोटोंतल्या हस्तकला आपल्याकडे फसतात त्या इथेच. तिकडे कोरडी हवा, इकडे परतीचा पाऊस. गोंद दोन-दोन दिवस वाळत नाही, पुठ्ठा पापडासारखा वळतो आणि क्रेपचा कागद रंग सोडतो. ज्यांनी सुक्कामध्ये, म्हणजे सणाला उघड्यावर बांधतात त्या झावळ्यांच्या मांडवात, रंगीत कागदाच्या साखळ्या लावून एक सर झेलली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी प्रार्थना म्हणणाऱ्या हज्जानसाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गुलाबी ठिपके.

रोश हशानाला, वर्षाच्या पहिल्या सणाला, म्हणून मी कागदाला हात लावत नाही. शोफार, म्हणजे फुंकून वाजवायचं शिंग, ते करायचं. पुठ्ठ्याचा गुंडाळलेला शोफार दिसतो शोफारसारखा, पण मूल फुंकून-फुंकून थकतं, आवाज शून्य. त्यापेक्षा बागेला पाणी घालायची नळी हातभर कापून घ्या आणि एका टोकाला प्लॅस्टिकचं नरसाळं घट्ट बसवून चिकटपट्टीने गुंडाळा. दुसरं टोक ओठांना लावून नुसतं फुंकायचं नाही, ओठ मिटून घोड्यासारखे फुरफुरायचे. वाजतं! आणि असं वाजतं की शेजारची बेल वाजते. खरा शोफार शिंगाचा, शक्यतो मेंढ्याच्या, ही नळी घरची आणि सरावाची, हे सांगून ठेवायचं. तेकिया म्हणजे एक लांब, शेवारिम म्हणजे तीन तुटक, तेरुआ म्हणजे नऊ बारीक. दोन आठवडे नळी फुरफुरवलेलं मूल सिनेगॉगमध्ये खरा शोफार सुरू झाला की बोटांवर मोजायला लागतं आणि शंभर आवाज संपेपर्यंत जागचं हलत नाही. नळ्यांवर ज्याचं-त्याचं नाव घाला, एकाची नळी दुसऱ्याच्या तोंडात नको.

किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी, काही नाही. त्या दिवशी मुलांना काही करायला द्यायची गरज वाटत असेल तर ती गरज आपली असते.

सुक्का मात्र माझा सगळ्यात आवडता. आमच्याकडे छताला माडाच्या झावळ्या. त्या आणल्या की मोठी माणसं बांबू बांधेपर्यंत खाली पात्यांचा ढीग पडतो, आणि मुलांचं सामान तेच. माझे वडील रेवदंड्याचे. पाती हातात आली की त्यांची बोटं आपोआप चालायची, गप्पा मारता-मारता पिपाणी तयार. हिरवी पाती घ्यायची, मधला हीर सोलून काढायचा. उरलेली पट्टी अरुंद टोकापासून तिरकी गुंडाळत न्यायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, म्हणजे भोंगा होत जातो. शेवटचं टोक सुटू नये म्हणून हिराचाच तुकडा आरपार टोचायचा. बारीक टोकात पातीचा छोटा दुमडलेला तुकडा सरकवायचा, तीच जीभ. जीभ जरा दाताने दाबून चपटी केली की पिपाणी बोलते. पहिला आवाज बदकाचा येतो. चार वर्षांच्या मुलाला गुंडाळता येत नाही, त्याने हीर सोलायचे. ते काम संपतच नाही आणि त्याला हवंही तेच असतं. सोललेले हीर फेकू नका, पुढे लागणार आहेत.

पात्यांची भिरभिरीही होतात. दोन पात्या एकमेकींत अडकवून चार पंख, मधून हीर, आणि ती सुक्काच्या दाराशी खोचायची. वारा आला की फिरतात, पाऊस आला की धुऊन निघतात आणि सातव्या दिवशी वाळून पिवळी झाली तरी फिरतच असतात. बाकी टांगायला फुटक्या-जुन्या बांगड्या लोकरीने गुंडाळून, अर्ध्या करवंट्या घासून, भोक पाडून, त्यांत शिंपले बांधून. वाऱ्यावर किणकिण चालते. फळंही टांगतो, केळी, डाळिंबं, कुणाच्या अंगणातलं महाळुंग मिळालं तर काय विचारता. पण एकदा सुक्काच्या शोभेसाठी टांगलेलं फळ सण संपेपर्यंत काढून खायचं नाही. मुलांना हे फार जड जातं. म्हणून केळी मी मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी वर बांधते आणि खाण्याचा घड वेगळा ठेवते. छतातून आकाश दिसलं पाहिजे, हे शोभेच्या उत्साहात विसरू नका. झावळ्यांवर प्लॅस्टिक टाकून ठेवलं तर बसायच्या वेळी ते काढावं लागतं.

सिमहा तोराला छोटे तोरा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या. दोन आइसक्रीमच्या काड्या आणि मध्ये लांब कागदाची पट्टी. मुलं त्यावर जे हवं ते लिहितात, कुणी हिब्रूचं एक अक्षर, कुणी देवनागरीत शालोम, कुणी पंखा. उजवीकडून डावीकडे उलगडत वाचायला मात्र शिकवा. हातात घेऊन नाचायचं असल्यामुळे काड्या घट्ट चिकटवा, आणि आठवडाभर आधी, म्हणजे गोंद वाळेल.

तूबिश्वातला, झाडांच्या नव्या वर्षाला, बाकी जगात झाडं लावतात. आम्ही बेने इस्राएल अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातो, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या जागी. (लोणावळ्याचं खंडाळा नव्हे, दरवर्षी एखादं नवं कुटुंब घाटात जाऊन बसायच्या बेतात असतं.) तिथल्या कातळावर संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा आहेत असं आमचे लोक मानतात. आमच्या कितीतरी घरांत भिंतीवर एलियाहूंची तसबीर असते, आगीच्या रथात बसलेली. मुलांना ती रोज दिसते, म्हणून गोष्ट आधीच अर्धी ठाऊक असते. म्हणजे आता रथ.

रिकामी काडेपेटी ही रथाची पेटी, काड्या मी आधीच काढून घेते. चाकं बाटल्यांच्या झाकणांची, मधोमध गरम सुईने मी भोक पाडून देते. आस म्हणून सुक्काच्या वेळचे वाळलेले हीर. हिराच्या दोन्ही टोकांना मातीची किंवा मेणाची गोळी, चाक निसटू नये म्हणून. ज्वाळा लग्नपत्रिकांच्या. लाल-केशरी पत्रिका प्रत्येक घरात साठलेल्या असतात, सोनेरी वेलबुट्टीचा भाग ज्वाळेच्या टोकाला येईल असा कापायचा. घोडे म्हणजे कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, दोन एका बाजूला. एलियाहूंना मुलं कागदाचे करतात आणि त्यांना कापडाचा झगा. हा झगा सैल ठेवा, कारण रथ वर जाताना तो खाली त्यांच्या शिष्यावर, एलिशावर, पडतो आणि मुलांना गोष्टीतला तोच भाग शंभर वेळा करायचा असतो. दोरीचं एक टोक खिडकीला, दुसरं हातात, आणि रथ सुर्रकन वर.

हा रथ सणात कामाला येतो का? मलिद्याच्या ताटाजवळ ठेवतात तेवढंच. पण मलिदा मुलं स्वतः करतात. पोहे धुवायचे, निथळायचे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं. पोहे धुताना अर्धे सिंकमध्ये जातात, म्हणून एक वाटी जास्तच घ्या. रथ आणि मलिदा एकाच सकाळी ठेवू नका मात्र. मेणाचे हात आणि पोहे, नको.

पुरीमला जुन्या बायका अजून होळीचा सण म्हणतात, आणि २०२५ ला तर तो धुळवडीच्या दिवशीच आला होता, १४ मार्चला. त्यामुळे माझ्या वर्गातले हामान, पुरीमच्या गोष्टीतले दुष्ट प्रधान, हिरवे-जांभळे होऊन आले होते. मुखवटे, मुकुट सगळे करतात, मी त्यात पडत नाही. मी खुळखुळे करते. मगिला, म्हणजे एस्तेरची पोथी, वाचताना हामानचं नाव ५४ वेळा येतं आणि ते प्रत्येक वेळी आवाजात बुडवायचं. लहान बाटलीत चिंचोके, डब्यात खडे, दोन करवंट्या एकमेकींवर. आम्ही एका दुपारी नुसती आवाजाची परीक्षा घेतो. एक मूल दाराबाहेर उभं राहून "हामान" असं ओरडतं आणि आतल्यांनी ते ऐकू येऊ द्यायचं नाही. चिंचोके हरतात, खडे जिंकतात, करवंट्या सगळ्यांना हरवतात.

पण खुळखुळा नुसता वाजून चालत नाही, तो थांबलाही पाहिजे, कारण मगिलेचा प्रत्येक शब्द ऐकायचा असतो. बाटलीतले चिंचोके हात थांबल्यावरही क्षणभर खळखळत राहतात. म्हणून मी बाटली अर्ध्याहून जास्त भरायला सांगते, आवाज जाड होतो आणि चटकन मरतो. झाकण गोंदाने बसवून वरून चिकटपट्टीचे चार वेढे. तीन वर्षांच्या मुलाच्या बाटलीचे वेढे मी स्वतः घालते, चिंचोका नाकात जायला वेळ लागत नाही. आणखी एक बिनखर्चाचं हत्यार म्हणजे चपलेच्या तळाला खडूने हामान लिहायचं आणि नाव आलं की पाय आपटायचे. वाचन संपल्यावर चपला उलट्या करून बघायच्या, कुणाचा हामान पुरता पुसला गेला ते.

शेजारी-पाजारी पाठवायच्या खाऊसाठी द्रोण घ्या. प्लॅस्टिकच्या टोपल्यांपेक्षा द्रोण मुलांना रंगवता येतो, काठाला दोरा ओवता येतो, आणि दुसऱ्या दिवशी तो कुणाच्या माळ्यावर जाऊन बसत नाही. एका माणसाला निदान दोन प्रकारचे पदार्थ पाठवायचे. आमच्याकडे पुरणपोळीचा चौथा हिस्सा आणि एक फळ.

पुरीम संपला की वर्गाच्या कपाटातून मैद्याची खळ आणि कणकेचे रंगीत गोळे बाहेर. पेसाहला घरात खमीर चालत नाही, आणि मुलांच्या खेळण्याची कणीक सोफ्याच्या फटीत किती साठते ते सोफा हलवल्याशिवाय कळत नाही. चिकटवायला मग तांदळाच्या पिठाची पेज शिजवते. तांदूळ आम्हाला पेसाहला चालतो. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी बाजारचा साधा गोंद आणावा.

पेसाहसाठी एकच वस्तू, पण नीट, मात्सा, म्हणजे बिनखमिराची पोळी, झाकायचं कापड. जुन्या सुती साडीचे चार चौकोन एकावर एक ठेवायचे, तीन बाजू मी मशीनवर शिवून देते, चौथी उघडी. म्हणजे तीन कप्पे, तीन मात्सांसाठी, कोहेन, लेवी आणि इस्राएल, यहुद्यांच्या तीन गटांच्या नावाने. वरच्या चौकोनावर मुलांचे ठसे. भेंडीचे ठसे सोपे, पण भेंडीला बहुतेक वेळा पाचच कडा असतात, त्यामुळे फूल छान उमटतं, सहा टोकांचा दावीदचा तारा होत नाही. माझ्या नणदेच्या मुलाने पिशवीतली सगळी भेंडी कापून सहा कडांची शोधून काढली होती आणि त्या दिवशी आमच्याकडे रात्री भेंडीच होती. तारा हवाच असेल तर बटाट्याच्या कापावर एक त्रिकोण कोरा, एकदा सुलटा उठवा, एकदा उलटा. कापडाचे रंग वाळले की मागून इस्त्री, म्हणजे धुतल्यावर जात नाहीत.

ठसे वाळेपर्यंत मी मुलांना एक चित्र दाखवते. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हागादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. तिच्यात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्सा करतायत असं चित्र आहे. मोबाइलवर मोठं करून बघितलं की पोरं लगेच आपली माणसं शोधतात, "ही आजीसारखी बसलीय." मग मी घड्याळ लावते. मात्साच्या पिठाला पाणी लागल्यापासून भाजून होईपर्यंत १८ मिनिटं, त्याच्या आत संपलं पाहिजे. हे पेसाहच्या बरंच आधी करतो, सफाईच्या अगोदर. मुलं लाटतात, काट्याने टोचतात, मी तव्यावर टाकते, आणि घड्याळाकडे बघून ओरडायचं काम सगळ्यात धाकटीला. तिला अजून घड्याळ कळत नाही, त्यामुळे ती पहिल्या मिनिटापासूनच ओरडते.

उरलेल्या कापडाची प्रत्येकाला एक छोटी पिशवी, आफिकोमानसाठी. सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या विधीच्या जेवणाच्या, रात्री मधल्या मात्साचा तुकडा लपवायचा आणि मोठ्यांनी काहीतरी कबूल केल्याशिवाय परत द्यायचा नाही. पिशवीला नाडी घाला. आमच्याकडे गेल्या वेळी नाडीला इतक्या गाठी मारल्या होत्या की सायकल कबूल करूनही तुकडा बाहेर यायला पाऊण तास लागला. आता नाडीऐवजी बटण लावायचं ठरलंय, आणि सासऱ्यांनी आधीच बजावलंय की या वर्षी फक्त पुस्तकं कबूल करणार.